समुद्र घरी नव्हता

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावरचा समुद्र दिवसातून दोनदा गाव सोडून जातो. थोडाथोडका नाही, किलोमीटरभर तरी. मागे उरते ओली पांढरी वाळू, घोट्याएवढ्या पाण्याची डबकी आणि कुशीवर कलंडलेल्या होड्या. सहल ठरवताना हाती आलेल्या रंगीत पत्रकात हे कुठेही नव्हतं. पत्रकातला समुद्र कायम जागेवर होता आणि त्यात एक सडपातळ जोडपं विनाकारण हसत होतं.

त्या पत्रकाच्या भरवशावर मी पन्नाशीत पोहायला शिकलो. पुण्यातल्या तलावात, आजूबाजूला बालवाडीतली पोरं सूर मारत असताना. चार फूट पाण्यात मी उत्तम पोहतो. पाच फुटांना माझी श्रद्धा डळमळते. तरी चड्डी, रबरी टोपी आणि गॉगल अशी जय्यत तयारी होती. हिचं माहेर मालवणचं. कालनिर्णय बघून ती म्हणाली होती, "अहो, आपण पोचतोय ती पुनवच आहे. पाणी लांब जाणार." पुण्यात आम्ही पौर्णिमेचा संबंध फक्त मसाला दुधाशी लावतो, त्यामुळे विषय तिथेच संपला.

दार-एस-सलामहून फेरीबोट दोनएक तासांत झांझिबारला पोचवते. स्टोन टाउनमधले पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे पाहिले. १८७३ साली बंद झालेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागी उभं असलेलं चर्च पाहिलं. तिथे बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. मग फ्रेडी मर्क्युरीच्या नावाचं घर. ‘क्वीन’चा हा गायक म्हणजे १९४६ साली इथेच जन्मलेला पारशी, फारुख बलसारा, आणि शाळेला होता आपल्या पाचगणीला! दारात उभ्या असलेल्या प्रत्येक पर्यटकाला मी पाचगणी महाबळेश्वरच्या किती जवळ आहे ते सांगत सुटलो. शेवटी हिने दंडाला धरून टॅक्सीत बसवलं.

टॅक्सीने पूर्व किनाऱ्यावरच्या जांबियानी गावात मुक्कामाला आणलं. सकाळी बाहेर आलो तर समुद्र घरी नव्हता. लांब, प्रवाळाच्या रांगेवर एक पांढरी रेघ तेवढी हलत होती. पोहायचं तर तिथवर चालत जाणं भाग होतं. टोपी घातली, गॉगल कपाळावर चढवला आणि निघालो. ही सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून दहा पावलं मागे, ओळख न दाखवता.

वाटेत शेतं लागली. वाळूत ठोकलेल्या खुंट्या, त्यांच्यात ताणलेल्या दोऱ्या आणि दोरीला ओळीने बांधलेले समुद्री शेवाळाचे झुपके. पायघोळ कपड्यांतल्या बायका कमरेत वाकून झुपके बांधत होत्या. इथे ही शेती १९८९ च्या सुमारास सुरू झाली आणि जवळपास सगळी बायकांच्याच हाती राहिली. सहाएक आठवड्यांत पीक तयार होतं, वाळवून परदेशी जातं, आणि त्यातून निघणाऱ्या कॅरागीननमुळे आपली टूथपेस्ट घट्ट राहते. बायकांच्या हाती पडतात ते फार थोडे शिलिंग. हे सगळं मला नंतर, बसल्या जागी कळलं. कारण तेवढ्यात माझा डावा पाय सी अर्चिनवर पडला.

सी अर्चिन म्हणजे काळ्या सुयांचा गोळा. सुया पायात घुसतात, मोडतात आणि आतच मुक्काम करतात. मी तोल जाऊन बसलो तो नेमका दोरीवर, आणि दोरी तुटली. सगळ्या जमल्या. त्यांनी आधी दोरी पाहिली, मग पाय.

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना बाकीच्या ‘बीबी’ म्हणत होत्या. बीबी खाली बसल्या आणि माझा पाय त्यांनी सरळ मांडीवर घेतला. आईच्या वयाची बाई! मी संकोचून पाय ओढू लागलो तर पोटरीवर चापट बसली. एका पोराला गावात पिटाळलं. तो कच्ची पपई घेऊन आला. बीबींनी ती चिरून पांढरा चीक तळव्याला चोळला. आपल्याकडे मटण लुसलुशीत व्हावं म्हणून कच्ची पपई लावतात, तेव्हा पुढे काय होणार याची मला थोडी काळजी वाटली.

तेवढ्यात कुणी पर्यटक आले आणि न विचारता बायकांचे फोटो काढू लागले. वाकलेल्या पाठींचे, चिरा पडलेल्या हातांचे. बीबींनी तोंड फिरवलं. मला सणसणीत बोलायचं होतं, पण टोपी आणि गॉगल घातलेल्या माणसाच्या संतापाला वजन येत नाही.

ही कुठे गेली म्हणून पाहिलं, तर बाई तुटलेली दोरी जोडून झुपके बांधत बसल्या होत्या. शेजारणीने काठीला अडकवून आणलेला ऑक्टोपस चारी बाजूंनी न्याहाळून झाला होता. ही मालवणीत बोलत होती, त्या स्वाहिलीत, आणि विषय बहुधा नवरे हा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गुडघाभर पाण्यात बसून अशी खळखळून हसणारी ही मी पहिल्यांदाच पाहिली.

पाणी वळलं. ओल्या पोत्यांबरोबर मलाही बैलगाडीत चढवलं. गाव मुसलमानांचं, तिथून उघड्या अंगाने जाऊ नये, असं पाहुण्यांना सांगितलेलं असतं. बीबींनी स्वतःचा एक कांगा, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते रंगीत कापड, माझ्या अंगावर फेकला. कांग्याच्या काठावर एक ओळ छापलेली असते. ती वाचून गावातली पोरं गाडीमागे धावत हसत होती.

अंगणात चहा झाला. पपईवाला पोरगा इंग्रजीतून सांगू लागला: जास्त भाव मिळणारी शेवाळाची जात आता उथळ, तापलेल्या पाण्यात मरते. खोल पाण्यात लावावी तर बायकांना पोहता येत नाही.

"ह्यांना येतं," ही म्हणाली. मराठीत, पण हात हलवून दाखवल्यामुळे सगळ्यांना कळलं.

बीबींनी मला टोपीपासून तळव्यापर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं. "पाय बरा झाला की शिकवाल का, म्हणते," पोरगा म्हणाला.

पाणी किती खोल आहे, मी विचारलं. त्याने हात स्वतःच्या डोक्याच्या वीतभर वर धरला. नकार कसा द्यावा याची मी जुळवाजुळव करत होतो, तोवर हिने मान डोलावून होकार दिलाही होता, आणि बीबी माझा गॉगल डोळ्यांना लावून पट्टा ओढून बघत होत्या.