श्री. सुशोभीकरणराव यांस अनावृत पत्र

मु. पो. साखरखेर्डा,
ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा

श्री. सुशोभीकरणराव यांना सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमच्याकडच्या एका तळ्याच्या काठाला गेल्या मार्चअखेर आपले पाय लागले आणि तिथली चिखलाची कटकट कायमची मिटली. पूर्वी काठ उतरता होता. शेकाटे लांब तांबड्या पायांनी त्या ओलीत किडे टिपत हिंडायचे, ढोरं सरळ पाण्याला लागायची. आता उभी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, त्यावर लोखंडी बाक, आणि बाकावर बसून पाहायला काही नाही. पहिल्याच पावसात एक गाय घसरली. तिचा म्हातारा मालक एवढंच म्हणाला, "हे फरशी टाकताना गाईले कोनी इचारलं होतं काय?" मनावर घेऊ नका. अंदाजपत्रकात गाय नसते, हे त्याला कोण सांगणार?

तसे आम्ही पाहुण्यांना सरावलेले आहोत. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामाने मुबारिजखानाला इथेच हरवलं आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. नाव बदललं, काठ तेवढा शाबूत ठेवला. पुढे लोकांनी नावही परत घेतलं. आपलं काँक्रीट मात्र परत घेता येत नाही.

आपल्याला कायदा आडवा येतो असं कुणी म्हणेल. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई करतात, सूट फक्त बोटींच्या धक्क्याला. पण घाबरू नका. पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेला तलाव या नियमांत पाणथळ ठरतच नाही. जाधवरावांच्या सिंदखेडराजातला बांधीव मोती तलाव काठोकाठ भरला आणि त्यावर वारकरी पक्ष्यांची दिंडी उतरली, तरी कागदावर तो कोरडाच! आपल्यासारख्यांसाठी इतकी ऐसपैस जागा क्वचितच कुणी सोडली असेल.

लोणारचं तसं नाही. ते कुणी बांधलेलं नाही, वरून अशनी आदळून झालेलं आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, तळाला खारं पाणी, काठाला कमळजादेवी. २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत. एखाद्या दिवशी तिथेही आपली कृपादृष्टी वळेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. विवराच्या उतारावर गुळगुळीत पक्की वाट ओतली की पावसाचं पाणी मुरायचं सोडून त्या वाटेने धावत सुटतं, कडेची माती कापतं आणि गाळ थेट तळ्यात नेऊन टाकतं. मग गाळ काढायचं वेगळं टेंडर निघेल. आपल्या घराण्यात एका कामाच्या पोटी दुसरं काम जन्मतं, हे आम्हाला ठाऊक आहे.

तरीही यायचंच असेल तर पोकलेन वरच ठेवून या. पहार, घमेलं आणि चार गवंडी पुरतील. तिथलाच दगड सिमेंटाशिवाय बसवा, फटींतून पाणी मुरू द्या. काठावरची जुनी देवळंही दगडावर दगड बसवूनच उभी राहिली आहेत, त्यांच्या कारागिरांना कुणी मार्चअखेर बिल मागितलं नसावं. जिथे पाऊल रुततं तिथे खांबांवर फळ्या टाका, खालून पाणी आणि बेडूक जातील इतक्या उंच. दिवे नकोत. 'आय लव्ह लोणार' तर मुळीच नको. प्रेम असलं तर विवराच्या कडेवरून आवाज न करता परत जाता येतं.

कळावे, लोभ असावा, पण लांबूनच.

आपला,
एक साखरखेर्डेकर

ता. क. – आमच्या तळ्याशी आपण सोडून गेलेल्या खडीच्या ढिगावर टिटवीने चार अंडी घातली आहेत. खडी न्यायची झाल्यास महिनाभराने यावे.