नंदादीप सर्व्हर: नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

पुण्या-सांगलीहून रात्रीची बस धरून बंगळुरूला आलात, इलेक्ट्रॉनिक सिटीत सपोर्टच्या टीममध्ये लागलात आणि पहिल्याच आठवड्यात एक सर्व्हर गळ्यात पडला. अभिनंदन! तो नंदादीपासारखा अखंड तेवत ठेवायचा, एवढेच आता तुमचे काम. त्याची कृती पुढीलप्रमाणे.

१. आकडा पाठ करा. क्लायंटला ९९.९९९ टक्के अपटाइमचा शब्द दिलेला असेल, तर वर्षभरात बंद राहायला मिळतात जेमतेम सव्वापाच मिनिटे. जुना सर्व्हर नुसता रीस्टार्ट व्हायलाच त्याहून जास्त वेळ खातो. सबब रीस्टार्ट वर्ज्य.

२. मंगळवार पाळा. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तिकडे सकाळ असते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. झोपायला उत्तम वेळ. बुधवारी मेल टाकावा: ‘टेस्टिंग चालू आहे.’ कुठे, ते लिहू नये.

३. मुहूर्त शोधा. महिनाअखेरीला बिलिंग असते, मार्च तर मार्चच असतो, आणि नोव्हेंबरात अमेरिकेच्या सणासुदीचा चेंज फ्रीज लागला की जानेवारीपर्यंत चिंता नाही. मधल्या काळात पॅच चढवायचा अर्ज गेलाच, तर मीटिंगमध्ये कुणीतरी ‘रोलबॅक प्लॅन काय?’ असे विचारतोच. आपण खाली बघावे. तारीख आपोआप पुढे जाते.

४. गुरुमंत्र घ्या: ‘चालतंय ना? मग हात लावू नको.’ २०१७ साली या मंत्राचा जगभर जप झाला. विंडोजमधले एक भगदाड बुजवणारा पॅच १४ मार्चला आला. १२ मेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून शिरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांवर शस्त्रक्रिया पुढे ढकलायची वेळ आली. एवढे होऊनही ज्यांना मुहूर्त सापडला नाही, त्यांच्यासाठी २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीचा धंदा जगभर बसला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातले त्यांचे टर्मिनलही ठप्प झाले. हा नॉटपेट्या मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता. मॅनेजरला फक्त हे शेवटचे वाक्य सांगावे.

५. १९ जुलै २०२४ ही तारीख भिंतीवर लावा. हा आपल्या पंथाचा सण. त्या शुक्रवारी सकाळी पावणेदहाच्या आत क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल सुटली आणि संगणक निळे पडू लागले. तासाभराने केम्पेगौडा विमानतळावर इंडिगो, अकासा, स्पाइसजेटची चेक-इन यंत्रणा बसली. इंडिगोच्या प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रे आडवी झाली होती. ती उठवायला बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने उडवावी लागली. डिस्क कुलूपबंद असेल, तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप करायची. ‘बघा, अपडेट केल्याने काय होते!’ असे म्हणून हा किस्सा प्रत्येक मीटिंगमध्ये सांगावा. ती फाइल आधी मूठभर यंत्रांवर सोडून पाहिली असती तर एवढा अनर्थ टळला असता, हा भाग गाळावा.

६. भित्र्यांपासून दूर राहा. काहींचे म्हणणे असे, की सर्व्हर कधीतरी बंद पडणारच; तारीख आपण ठरवायची की चोराने, एवढेच हातात असते. हे लोक क्लायंटला आधी कळवतात, बॅकअप खरोखर उघडतो का ते पाहतात, रविवारी पहाटे दोनच यंत्रांवर पॅच चढवतात, दोन दिवस वाट पाहतात आणि मग बाकीच्यांना हात घालतात. त्यांच्याकडे काहीच घडत नाही, म्हणून अप्रेझलमध्ये त्यांना ‘अपेक्षेप्रमाणे’ असा शेरा मिळतो. तुमच्याकडे मात्र एक दिवस सगळेच बसेल. तेव्हा दोन रात्री जागून ते उभे करावे, पहाटे तीनला सर्वांना मेल टाकावा आणि त्या महिन्याचे उत्कृष्ट कर्मचाऱ्याचे प्रशस्तिपत्रक घ्यायला इस्त्रीचा शर्ट घालून यावे.