शिवणवाल्या मावशी

जालन्यात कादराबादेत शिरा नाहीतर गांधी चमनच्या बाजूला, एखाद्या तरी दारावर ‘येथे ब्लाऊज शिवून मिळेल, फॉल-पिको करून मिळेल’ अशी पाटी असतेच. ‘कधी मिळेल ते विचारू नये’ ही ओळ पाटीवर नसते, ती अनुभवाने कळते. आत पायमशीन, मशीनवर मावशी, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. बोलणं सगळं टाचण्यांच्या फटीतून.

मावशींच्या भिंतीवर एक खिळा असतो. वर्तमानपत्रातून बेतलेले कटिंगचे कागद त्याला टोचलेले. कुणाची पाठ निविदांवर, कुणाची बाही राशिभविष्यावर, तर कुणाचा मुंढा थेट पालकमंत्र्यांच्या चेहऱ्यातून गेलेला. मापं मात्र मावशींच्या डोक्यात. “मागल्या साली चौतीस होतं की गं!” हे त्या चार बायकांदेखत, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. एवढं धाडस गावातल्या डॉक्टरांनाही होत नाही.

वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, लग्नसराई ऐन भरात येते, आणि नेमकी तेव्हाच एखादी कॉलेजकन्या उगवते. तिला ‘रेट्रो’ ब्लाऊज हवा असतो. १९७३ सालच्या ‘बॉबी’त डिंपलने घातला होता तसा, ठिपक्यांचा, पुढे गाठ मारलेला. सोबत प्रिंट काढून चिकटपट्टीने जोडलेले परदेशी कटिंगचे कागद. मावशी ते फरशीवर पसरतात आणि पत्रिका पाहावी तशा पाहतात.

“ही बाई उंच दिसती. खांदे पडके. पोट नाही, म्हंजे लेकरूबाळ नसंल.”

अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३मध्ये असे कागद विकायला काढले, असं सांगून मुलगी छाप पाडू पाहते. मावशी टाचण्या काढून ठेवतात.

“अन् अंगाला नाही बसलं तर तो येतो का उसवायला?”

मग निकाल सुरू होतात. गाठ रद्द, हुकच लागणार, कारण “पंगतीत वाढताना सुटली म्हंजे?” चकचकीत पॉलिस्टर परत. सुती कापड आणायचं, तेही रात्रभर भिजवून, वाळवून. काय आटायचं ते आधीच आटू दे. अस्तर नको, जालन्याच्या उन्हात जीव जाईल. फुग्याची बाही मंजूर, पण चुण्या मावशी घालतील तेवढ्याच. मुंढा जरा सैल, गळ्याला उरेब पट्टी, आणि आत इंचभर माया. “आत्ता बारीक हायेस. लगीन होऊ दे.”

‘बॉबी’तले आता फक्त ठिपके उरलेले असतात. मुलगी हिरमुसते.

“कामून तोंड पाडती? जुनं पाहिजे ना तुला? त्रेहात्तर साली जालन्यात बायका हेच घालत होत्या. गाठी मारून कोण हिंडत होतं?”

यावर उत्तर नसतं. ब्लाऊज ‘उद्या, उद्या’ करत हळदीच्या आदल्या रात्री मिळतो आणि बसतो असा, की मांडवातल्या बायका नवरी सोडून मुलीची पाठ बघतात. कुठे शिवला म्हणून विचारतात. मुलगी सराईतपणे सांगते, “संभाजीनगरला टाकला होता.” मावशींचा पत्ता फुटला तर दिवाळीचा ब्लाऊज होळीला मिळेल, हे गल्लीतल्या प्रत्येकीला ठाऊक असतं.

मावशींनाही ते कळतं. “बरं सांगितलंस,” त्या म्हणतात आणि तिचा पुढचा ब्लाऊज रांगेत वर घेतात.