जठराचे अस्तर झिजविण्याचा रीतसर मार्ग

जठराचे अस्तर झिजविण्यास अधीर झालेल्या सद्गृहस्थाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, प्रतिपक्ष दुबळा नाही. ज्या पिशवीत दररोज दीड-दोन लिटर आम्लरस पाझरतो आणि तरीही जी स्वतः पचून जात नाही, तिच्या आतल्या अंगास श्लेष्म्याचा लेप असतो, लेपात आम्ल मारणाऱ्या क्षारांची तैनाती फौज असते, आणि झिजलेल्या पेशींच्या जागी अवघ्या काही दिवसांत नव्या पेशी रुजू होतात.

असा चोख बंदोबस्त मिरचीने मोडेल, अशी पुष्कळांची भाबडी समजूत असते. लालबागेत उन्हाळ्यात डंखावर बेडगी आणि संकेश्वरी कुटली जाऊ लागली की वाटेने जाणारा सारा मुलूख शिंकतो, आणि पोटातील यच्चयावत जखमांची फिर्याद तिच्यावरच गुदरतो. वास्तविक मिरचीने आग होते, आधीच्या व्रणास ती झोंबते. परंतु व्रण पाडल्याचा गुन्हा तिच्यावर शाबीत झालेला नाही. सबब, साधकाने तर्रीवर कालापव्यय न करता आपले लक्ष गुडघ्यांकडे वळवावे.

गिरगावातील चाळीचे लाकडी जिने चढून-उतरून आणि दादरचा पूल सकाळ-संध्याकाळ ओलांडून ज्याचे गुडघे कुरकुरू लागले आहेत, त्याने डॉक्टरांस तसदी न देता कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन आणावे. शेजारच्या काकूंना जी गोळी लागू पडली ती आपणासही पडणारच, अशी श्रद्धा असावी. गोळी अनशापोटी घ्यावी हे उत्तम. तथापि कोणी आग्रहाने दोन घास भरविलेच तर हताश होऊ नये, कारण तिचे खरे काम रक्तात मिसळल्यावर चालते. वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखविले. आणि जठरावरील लेप राखला जातो तोही याच द्रव्यांच्या हुकमाने. हृदयासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी आधीपासून चालू असेल, तर ही दुसरी जोडताना कोणासही विचारू नये. दोघींचा संयुक्त कारभार अधिक त्वरेने फळास येतो.

मद्य हे सरधोपट साधन, त्याविषयी परळकरांस मी काय सांगावे? विडी व्रण भरू देत नाही, म्हणून ती जोडीस असावी.

एक मार्ग मात्र विनाखर्च, बहुधा बालपणीच, लाभतो. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे दाटीने नांदत असता हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, युरियापासून अमोनिया करून आपल्याभोवतीचे आम्ल मारतो, आणि पागडीच्या भाडेकरूप्रमाणे जठरात असे ठाण मांडतो की प्रतिजैविकांच्या नोटिशीवाचून हलत नाही. पुष्कळांस त्याचा उपद्रव जाणवतही नाही. कित्येकांस व्रण होतो. व्रणाचे खापर काळजीवर आणि रात्रपाळीवर फोडण्याचा शिरस्ता असता, ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हे जंतू स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळविले. आपल्याकडे हाच प्रयोग असंख्य मंडळी लहानपणीच करून मोकळी होतात. पारितोषिकाचे कोणी नाव काढीत नाही.

शौच डांबरासारखी काळी होऊ लागली की कार्यसिद्धी जवळ आली, असे समजावे. येथवर मजल गेल्यावर घरची मंडळी उचलून केईएममध्ये नेतील. १९२६ सालापासून त्या रुग्णालयाने असे पुष्कळ साधक पाहिले असल्याने तेथील डॉक्टर, "गोळ्या कोणत्या घेता?" असे हटकून विचारतील. त्यावर, "छे हो, गुडघ्यासाठी एखादी घेतो, ती काही औषधात धरायची नाही," असे निःशंकपणे सांगून दुर्बिणीच्या नळीसाठी तोंड उघडावे.