उलटा टांगलेला राऊटर

कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये सुताराला टेबलाखाली राऊटर बसवायचा झाला, तर बाजार त्याच्यापुढे आधी स्प्रिंगवाला प्लंज बेसच ठेवणार. १२ मिमी कॉलेटची मोठी यंत्रं आपल्याकडे बहुतेक त्याच बेससह येतात. हाती धरून फळीच्या मधोमध खाच पाडायला तो उत्तमच. पण यंत्र उलटं टांगलं की दोन खांबांवरची तीच स्प्रिंग मोटर बेसपासून दूर, म्हणजे जमिनीकडे ढकलते. वजनही तिकडेच ओढतं. बिट अर्धा मिमी वर घ्यायचा तर टेबलाखाली गुडघे टेकून दोघांशी झुंजायचं, वर डोळ्यांत भुसा फुकट. त्यापेक्षा साधा स्थिर बेस बरा: मोटर सैल करा, सरकवा, आवळा.

तो मिळतो कुठे, असं विचाराल तर प्लंजची स्प्रिंग काढून ठेवा. मात्र मग यंत्र टेबलाचंच झालं. दबण्याच्या सोयीचे पैसे पाण्यात. काही शहाणे टेबलावरूनच बिट वर-खाली करणारी हजारोंची लिफ्ट सुचवतात. दाराच्या चौकटीला गोलाई देणाऱ्याने ती कितव्या दारात वसूल करायची, तेवढं मात्र सांगत नाहीत. खर्च करायचाच तर ६ ते १० मिमीच्या ताठ प्लेटवर करावा, कारण १८ मिमी प्लायला थेट लटकवलं की बिटाची बरीचशी उंची टेबलच गिळतं. आणि वीज परतली तरी दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच टेबलाच्या कडेला हवाच. यंत्राचं बटण चालू स्थितीत अडकवून सुतार वीज गेली म्हणून चहाला गेला, तर मिनिटाला वीस हजारांवर फेरे घेणारा बिट त्याच्या परतण्याची वाट पाहत नाही.