रंगाखालचं जस्त

नाशिककरानं नवी गाडी घेतली की तिची पहिली फेरी काळारामाला, नाहीतर वणीच्या गडाला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, आणि सीटांवरचं प्लॅस्टिक निदान पुढच्या दिवाळीपर्यंत तसंच. दृष्ट, धूळ, ओरखडा, सगळ्यांचा बंदोबस्त होतो. गंजाचा मात्र कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो आणि त्या बिचाऱ्याला कुणी हळदकुंकू वाहत नाही.

तो बिचारा म्हणजे जस्त. सातपूरला महिंद्राच्या बोलेरो-स्कॉर्पिओ बनताना आपण अभिमानानं पाहिल्या. पण शोरूममध्ये मायलेज आणि सनरूफ विचारणारा माणूस पत्र्यावर जस्त किती, हे विचारत नाही. विचारलंच, तर सेल्समन सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज पुढे सरकवेल.

पितळी पातेल्याला नवसागर टाकून कल्हई करतात, त्याच जातीचं हे जस्त चढवण्याचं काम. फक्त इथे कथिलाऐवजी जस्त आणि पातेल्याऐवजी धावता पत्रा. सुमारे 460 अंशांच्या वितळलेल्या जस्तातून तो पळतो आणि बाहेर येतो तेव्हा अंगावर 7 ते 10 मायक्रॉनचा थर असतो, केसाहून कितीतरी पातळ. कार्बन जवळजवळ काढून टाकलेलं या पत्र्याचं पोलाद इतकं मऊ, की प्रेसखाली मडगार्डाचा हवा तो बाक घेतं. खरी कसोटी थराची: पत्रा ताणला जाताना त्यानंही ताणलं जायचं. जपानी कारखाने जस्त लावलेला पत्रा पुन्हा तापवतात. लोखंड जस्तात मुरतं, रंग घट्ट धरतो, स्पॉट वेल्डिंगही बरं होतं. पण जरा जास्त मुरलं की थर ठिसूळ होतो आणि डायमध्ये त्याची भुकटी झडते. लग्नातल्या मध्यस्थाइतकं नाजूक काम!

कथील आणि जस्त यांच्या स्वभावात मात्र जमीनअस्मानाचा फरक. कथील लावलेल्या डब्याला ओरखडा पडला, तर गंजायला लोखंडच आधी धावतं. जस्ताच्या पत्र्याला पडला, तर आधी जस्त झिजतं, लोखंड मागे राहतं. जस्ताच्या थरावर फॉस्फेट, मग अख्खी बॉडी बुडवून विजेच्या जोरावर चढवलेला प्रायमर, मग आपण ज्याच्यावर भाळतो तो रंग.

गॅरेजमध्ये डेंटिंग करताना ग्राइंडर फिरला की रंगाबरोबर जस्तही जातं. वर लांबी भरून चकाचक रंग मारतात, मालक खूश! जस्त गेलं याची रुखरुख कुणालाच नाही.

जुनी गाडी घेताना ‘मुंबईची नको’ म्हणणारे नाशिककर खाऱ्या हवेपुरते बरोबर आहेत. पण दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात, ती आपल्याकडेही बुजतात आणि पाणी आत साचून गंज धरतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या साचतात. पावसाळ्याआधी दोन्ही एकदा मोकळं करा.