शून्य टक्क्यांचा ओटा

मी हिशोबी माणूस आहे असं माझं स्वतःबद्दलचं मत आहे, आणि त्याविरुद्धचा एकही पुरावा मी आजवर मनावर घेतलेला नाही. कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये सुटले की मला दिवसभर हलकं वाटतं. बँकेला व्याज भरणं मात्र, उगाच लपवायचं कशाला, थोडं कमीपणाचं वाटतं. मॉड्युलर किचनच्या शोरूमवरची ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी माझ्यासारख्यांवर डोळा ठेवूनच रंगवलेली असते. गरजूशी बोलताना दुकानदार ‘लोन’ म्हणतो, आमच्याशी बोलताना ‘स्कीम’. लोन घेणारा ओशाळलेला असतो, स्कीम घेणारा हुशार. आमचं वाक्यही ठरलेलं: ‘पैसे आहेत हो, पण फुकट वापरायला मिळतायत तर आपले कशाला मोडा?’ या वाक्यातलं ‘फुकट’ मला तपासायचं आहे. माझं म्हणणं असं, की बिनव्याजी कर्ज नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. व्याज कुठल्या ना कुठल्या खिशातून जातंच. आणि घर नव्याने करताना आपण ते देतो, ते एक वाक्य तोंडातून काढावं लागू नये म्हणून.

आकडे घेऊ. ट्रॉल्या, वरची कपाटं, ग्रॅनाइट आणि चिमणी धरून कोटेशन तीन लाखांचं. क्रेडिट कार्डावर पंचवीस हजारांचे बारा हप्ते. गुणाकार चोख येतो, व्याज शून्य, आणि आपण मिशीवरून हात फिरवतो. आता हाच व्यवहार बँकेच्या बाजूने पाहा. बँक काही आपली मावशी नव्हे. ती पंधरा टक्क्यांनी पैसे देते असं समजू. त्या दराने पंचवीस हजारांचे बारा हप्ते यायचे, तर मूळ कर्ज २,७६,९८३ रुपयेच असावं लागतं. उरलेले २३,०१७ दुकानदार ‘सूट’ म्हणून सोडतो आणि बँक तेवढेच ‘व्याज’ म्हणून आपल्याकडून घेते. म्हणजे तो माल पावणेतीन लाखांच्या आसपास विकायला दुकानदार तयार आहे. फक्त ते आपल्याला ऐकू जाऊ नये एवढीच त्याची काळजी. शिवाय कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, आणि तो सूटीत धरत नाहीत. त्याचे वर्षाचे ४,१४३. प्रोसेसिंग फी वेगळी, फीवरचा जीएसटी आणखी वेगळा. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट चष्मा पुसून वाचण्यासारखं असतं: मुद्दल २१,५३८, व्याज ३,४६२, व्याजावर जीएसटी ६२३. शून्यावर ६२३ रुपये कर बसवणं हे साध्यासुध्या सरकारचं काम नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, ते व्याज प्रोसेसिंग फीचा बुरखा घालून येतं. पाट्या शहाण्या निघाल्या. त्यांनी ‘झिरो’ खोडलं आणि ‘नो कॉस्ट’ लिहिलं.

शून्याचा विषय निघालाच आहे, तर मला थोडं भरकटू द्या. घराच्या कामात सुतारही भरकटतो, मी तर लेखक. शून्य आपण जगाला दिलं हे आपण ज्याला त्याला ऐकवतो, पण ते देताना सोबत काय बजावलं होतं ते विसरतो. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात शून्याचे नियम घालून दिले, तेव्हा अधिक-उणे संख्यांना त्याने नावं दिली ती धन आणि ऋण. आणि नियम काय, तर ऋणातून शून्य वजा केलं तर ऋणच उरतं. शोरूमच्या काचेवर चिकटवावं असं याहून नेमकं काही मला माहीत नाही. मग आपले भास्कराचार्य. चाळीसगावजवळच्या पाटणे गावातल्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, म्हणून ‘आपले’ म्हणायचा हक्क मी थोडा ओढूनताणून घेतो. ११५० च्या लीलावतीत भुंगे आहेत, मोर आणि साप आहेत, अर्जुनाचे बाण आहेत, आणि या काव्यमय मंडळींच्या शेजारी मांडी घालून बसलेलं व्याजाचं गणितही आहे: शंभराला महिन्याला पाच, तर सोळाचं वर्षाचं व्याज किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. म्हणजे दरसाल दरशेकडा साठ! लीलावती ही त्यांची मुलगी, ही दंतकथा खरी धरली, तर बाप लेकीला साठ टक्क्यांचं व्याज भुंग्यांइतक्याच सहजपणे शिकवत होता. ‘बाळ, ही नो कॉस्ट स्कीम आहे’ असं तो म्हणाला नाही. त्यांच्या बीजगणितात ‘खहर’ म्हणून एक राशी येते. शून्याने भागलेली संख्या अनंत होते, तिच्यात कितीही घाला, कितीही काढा, फरक पडत नाही. ही राशी मॉड्युलर किचनच्या कोटेशनसाठीच राखून ठेवलेली असावी, कसं ते पुढे सांगतो.

आधी हुशार माणसाची हरकत. तो म्हणतो, माझे तीन लाख बँकेत पडून राहतील, त्यावर व्याज मिळेल, दरमहा त्यातूनच हप्ता फेडीन. सात टक्के धरले तरी वर्षाला अकरा हजार सुटले. हरकत खोटी नाही, मी स्वतः ती मोठ्या आवाजात घेत असतो. अकरा हजारांचं गणितही बरोबर आहे. पण त्यावर आयकर आहे, आणि समोर तेवीस हजारांची न मागितलेली सूट अधिक चार हजारांचा जीएसटी उभा आहे. सत्तावीस हजार देऊन अकरा हजार मिळवणाऱ्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. आता एक कबूल केलं पाहिजे: दुकानदार रोखीला खरोखर छदामही सोडायला तयार नसेल, तर हिशोब उलटतो. मग जीएसटी जाऊन, आयकरापूर्वी सात हजारांच्या आसपास हाती राहतात आणि हुशार माणूस जिंकतो. फक्त ते सात हजार त्याच्या खात्यात किती वेळ राहतात, हे पाहायचं.

कारण बारा हप्त्यांत भागलं की तीन लाख हे तीन लाख राहत नाहीत, पंचवीस हजार होतात. आणि पंचवीस हजारांच्या शेजारी काहीही किरकोळ दिसतं. ‘साहेब, साध्या बिजागरीऐवजी सॉफ्ट क्लोज घ्या, महिन्याला फक्त सातशे वाढतील.’ खण ढकलला की शेवटच्या बोटभर अंतरावर तो स्वतःच दम घेतो आणि लग्नात जेवणावळीला बसलेल्या जावयासारखा हळूच, आवाज न करता, आत सरकतो. हे पाहिल्यावर सातशे रुपयांचा विचार करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पुढे लॅमिनेटऐवजी अॅक्रिलिक, कोपऱ्यात फिरणारी ट्रॉली, सगळंच ‘फक्त’. ओट्याबरोबर फरशी बदलावी लागते, फरशीबरोबर हॉलची बदलावी लागते, नाहीतर दारात लेव्हलचा फरक पडतो, आणि हॉलची बदलली की जुनं सिलिंग अंगावर येतं. हाच तो खहर. शोरूमवाला व्याजातून कमावत नाही, तो आपल्याला व्याज विसरायला लावून कमावतो. आणि खरं बोलायचं तर हे सॉफ्ट क्लोज स्वयंपाक करणाऱ्यासाठी नसतंच. ते पाहुण्यांसाठी असतं. घर दाखवताना खण ओढून सोडून द्यायचा, दुसरीकडे पाहात उभं राहायचं, आणि पाहुण्याच्या तोंडून ‘अरे वा’ निघेपर्यंत थांबायचं. या ‘अरे वा’चं व्याज कुठल्याही तक्त्यात धरत नाहीत.

दुसरी हरकत अधिक मुरलेली आहे. बिनव्याजी पैसा आपल्याकडे होताच की, त्याला हातउसने म्हणत. मग त्याची बाजारू आवृत्ती घेतली तर बिघडलं कुठे? होता, आणि मोठा होता. मावशी पोस्टातल्या पैशातून देई, काका भिशीचा नंबर लागला की देत. कागद नाही, फी नाही, जामीन नाही. पण व्याज नव्हतं असं म्हणवत नाही. पुढची दहा वर्षं प्रत्येक बारशाला, मुंजीला, अगदी तेराव्यालाही मावशी पानावरून मान वर करून विचारी, ‘ओटा कसा आहे रे? गळत नाही ना?’ वाक्यात पैशाचा उल्लेख नसे आणि पंगतीतल्या सगळ्यांना तो ऐकू येई. जुन्या मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम कोर्टंही मानत असत: थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त मागता येत नसे. मावशीला दामदुपट लागू नव्हती. बँक यातलं काही करत नाही. ती ओट्याची चौकशी करत नाही, मुंजीला येत नाही, पंगतीत बसत नाही. ‘मावशी, थोडे पैसे हवे होते’ हे वाक्य न म्हणण्याचे आपण तिला पैसे मोजतो. आणि शोरूममध्ये ‘रोख दिले तर किती कमी कराल?’ हे न विचारण्याचे दुकानदाराला. हे विचारलं तर समोरचा पोरगा आपल्याला गरजू समजेल, ही भीती वरच्या हिशोबाने बरोबर २३,०१७ रुपयांची आहे. दोन रुपयांसाठी कोथिंबीरवालीशी हुज्जत घालणारी जीभ एसीच्या गारव्यात टाळ्याला चिकटते.

तिसऱ्या हरकतीवर मात्र मला विनोद सुचत नाही. ती अशी, की हप्ते नसते तर हा ओटा झालाच नसता. कित्येक घरांत हॉलचा रंग तीनदा होतो, टीव्ही दोनदा बदलतो, आणि स्वयंपाकघर ‘पुढच्या दिवाळीनंतर’वर राहतं. कडप्प्याचा ओटा, खाली पडदा लावलेली मांडणी, सिंकजवळ सतत ओल. त्या ओट्याची उंची गवंड्याने आपल्या सोयीने ठरवलेली असते, आणि तिथे उभी राहणारी बाई तीस वर्षं दोन इंच वाकून भाकऱ्या थापते. तिची कंबर गेली की घरातले कॅल्शियमच्या गोळ्या आणतात. अशा घरात कुणी हप्त्याने का होईना ओटा करायला काढला, तर त्याला सत्तावीस हजारांचा हिशोब सांगायला जाऊ नये. इतकी वर्षं थांबण्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त होती आणि ती तिने एकटीने भरली. इथे बँकेने पंधरा नाही, अठरा टक्के लावले तरी मी तक्रार करणार नाही.

पण असा ओटा निघतो तेव्हाही कोटेशन एकदा वाचून पाहा. प्लायवूडची जाडी, ग्रॅनाइटचा रंग, बिजागऱ्यांची कंपनी, चिमणीची ताकद, सगळ्यांपुढे रक्कम असते. ओट्याची उंची आधी सांगितली तर दोन इंच वर घेण्याचे वेगळे पैसे कुणी लावत नाही, त्या सबंध कागदावर खरोखर ‘नो कॉस्ट’ अशी तेवढीच एक बाब. ती ठरवायची तर आत जाऊन ‘इथे उभी राहा बघू’ एवढं म्हणावं लागतं. ती जागा बहुतेक कोटेशनांत कोरी असते, आणि खाली आमची सही.